बांधावरची कमिटी

"गोणी नि वासे काय सोन्याचे हायत, कुलपात घालायला?" धोंडुबाईनं भर कमिटीत विचारलं, तेव्हा दाजी नुसते हसले.

पेणच्या खाडीकाठच्या एका गावात भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये एक मातीचा बांध होता. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं भात म्हणून होत नसे. धोंडुबाईचं शेत बांधाला अगदी लागून, त्यामुळे खाडीचा पहिला घास तिच्याच शेताचा. तिचं म्हणणं एवढंच, की दुरुस्तीचं सामान घरोघर वाटा. हाक आली की जो तो आपापलं उचलून धावेल. पण दाजी बांध कमिटीचे अध्यक्ष, आणि अंगानंही अध्यक्षच. "घरात ठेवलं तर लोक वापरून टाकतील," म्हणत त्यांनी सगळं बांधावरच्या खोपीत भरलं आणि कुलूप ठोकलं. गाव निर्धास्त झालं.

श्रावणातल्या पुनवेला, भर दुपारच्या उधाणात, खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांध फुटला. धोंडुबाईनं बोंब ठोकली, तसं गाव धावलं. दाजींनी ऐटीत कुलूप काढलं. आत एक बेडूक होता.

"वासे कुठं हायत?" दाजी किंचाळले.

"माज्या गोठ्याला," जगन मान खाली घालून म्हणाला. "दोनच शिल्लक हुते. बाकीचे कुनी नेले देव जाने."

"आनि गोणी?"

"त्यात आमचं भात भरलंय," इंदुबाई म्हणाली. "तुमच्या घरच्या वैनींनीच किल्ली दिली हुती."

"पेंढा तरी?"

"तो तुमच्या म्हशीनं खाल्ला की, दाजी!" कान्हूनं सांगून टाकलं.

भात नुकतं पोटरीला आलं होतं आणि बांधाला पडलेली खांड बघता बघता रुंदावत होती. "अरे, सामान येईपत्तुर मधी कायतरी घाला!" धोंडुबाई ओरडली. सगळ्या गावाची नजर दाजींकडे वळली.

दाजी खाडीकडे पाठ करून खांडीत बसले आणि पाणी खरोखरच थांबलं. बाकीचे घराकडे पळाले. कुणी काय नेलंय हे ज्याचं त्याला पक्कं ठाऊक, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. वासे आले, गोणी आल्या, वैनी लुगड्याचा ओचा खोचून चिखल द्यायला उभ्या राहिल्या.

"बगा दाजी," त्यांच्या कुशीला चिखल थापत धोंडुबाई म्हणाली, "घरोघर हुतं म्हनून वाचलो."

"ते वाटलेलं नव्हतं गो, चोरलेलं हुतं!"

"मग काय झालं? मानूस चोरलेलं जास्त जपतं. आता कमिटी सगळी हितंच हाय, ठराव करून टाका. सामान ज्याच्या त्याच्या घरात ऱ्हाईल. हात वर करा!"

चिखलानं माखलेले हात वर गेले. दाजींना ठराव पटला की नुसती सुटका हवी होती कोण जाणे, पण त्यांनीही हात वर केला. त्यासरशी त्यांच्या बगलेखालून खाडी सळकन आत घुसली.

"हात खाली, दाजी!" सगळं गाव एकदम ओरडलं. "तुमचं मत धरलंय!"