सहा फुटांची फेरी

रागारागाने निघून जायचं तर गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायला हवी. सुतारमामांची झाली नाही, आणि त्यांच्या रागाची पार रया गेली.

निघतानाचा थाट मात्र बघण्यासारखा होता. भरल्या टेबलावरून ते अर्धं ताट टाकून उठले. या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी भावोजींना ठणकावून सांगितलं. दारात उभ्या असलेल्या ताईकडे न बघता 'जातो' म्हणाले. 'येतो' नाही. सख्ख्या थोरल्या बहिणीला, आयुष्यात पहिल्यांदा, 'जातो'. मग त्यांनी घराचं दार आपटलं, फाटक आपटलं आणि गाडीचं दार दोनदा आपटलं, कारण ते एकदा आपटून लागत नाही. किल्ली फिरवली. गाडी बराच वेळ घुरघुरली आणि गप्प झाली.

भांडणाचं मूळ होतं जेवणाचं टेबल. मामांनी ताईला स्वतःच्या हाताने करून दिलेलं, सहा माणसांचं, चांगलं भक्कम. ताईकडे नवी फरशी घातली तेव्हा ते पहिल्यांदा डुगडुगलं. मामांनी एका पायाखाली लाकडाची पातळ चकती चिकटवली आणि टेबल आठ महिने ढिम्म हललं नाही. मग काय भुताटकी झाली कोण जाणे, दर पंधरा दिवसांनी त्याला झटके यायला लागले. ताईचा फोन आला की मामा रविवारी यायचे, नवी चकती चिकटवायचे, उभ्याउभ्या चहा ढोसायचे आणि पळायचे. आज मात्र त्यांची गोंदाची बाटली ताईने कुठेतरी 'नीट' ठेवली होती आणि सकाळी नऊपासून शोधूनही ती सापडत नव्हती, म्हणून ते जेवायला थांबले.

भावोजी म्हणजे निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. निवृत्त झाले म्हणायचं, पण सवय कुठे जाते? त्यांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांत बुडबुड्याची पाणसळ ठेवून फरशी सपाट असल्याचं केव्हाच सिद्ध करून ठेवलं होतं. जेवताना पाण्याचा पेला घसरत येऊन त्यांच्या मांडीवर उपडा झाला, तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले की फरशी निर्दोष आहे, म्हणजे सुतार सदोष आहे. उद्या आपण दुकानातून तयार टेबल आणू.

तयार टेबल! चाळीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाच्या बहिणीच्या घरात तयार टेबल! मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथे.

आता ती आग घेऊन ते गाडीत बसले होते. त्यांनी चोक ओढला, अ‍ॅक्सिलरेटर दाबदाबून त्याचा जीव काढला आणि पुन्हा किल्ली फिरवली. नुसती घुरघुर. शेजारचे दातांचे डॉक्टर आपल्या फाटकात येऊन उभे राहिले आणि दाढ काढण्याआधी बघतात तशा मायेने बघू लागले. भावोजी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. पडदा जाळीचा आहे हे मास्तरांच्या लक्षात नव्हतं.

शेवटी मामांनी मिस्त्रीला फोन लावला. हा मिस्त्री निम्म्या दुरुस्त्या कार्ब्युरेटरमध्ये फुंकर मारून करायचा, म्हणून त्याला सगळे फुंकरच म्हणत. फुंकरने आधी विचारलं की याच्या आधी गाडी कधी चालवली होती. जेवायला बसायच्या आधी, मामा म्हणाले. डॉक्टरांच्या फाटकासमोर लावली होती, त्यांना बाहेर पडायचं होतं, म्हणून जरा पुढे घेतली.

"जरा म्हणजे किती?"

"सहा फूट."

फुंकरने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. थंडीचे दिवस, सकाळपासून गारठलेलं म्हातारं इंजिन. त्याला चोक देऊन उठवायचं, भरपूर पेट्रोल पाजायचं आणि ते धड तापायच्या आत झोपवायचं, म्हणजे प्लग ओलेचिंब होणार नाहीत तर काय होतील? त्यात तुम्ही आता रागाच्या भरात आणखी पेट्रोल ओतलंत.

"बॉनेट उघडा, चोक आत ढकला आणि अर्धा तास कशालाही हात लावू नका," तो म्हणाला. "मग अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि किल्ली फिरवा. सुरू झाली की वीस मिनिटं सलग फिरवा. मध्ये बंद केलीत तर मला फोन करू नका."

ज्या घराचं जन्मात तोंड बघायचं नाही, त्याच घरासमोर अर्धा तास बसायचं! डावीकडे बघावं तर भावोजी, आरशात बघावं तर डॉक्टर. मामा समोर बघत बसले. समोर उघडं बॉनेट होतं.

दहा मिनिटांनी ताई त्यांचं उरलेलं ताट घेऊन आली आणि खिडकीतून आत दिलं. 'जातो' म्हणू नये एवढं गाडीला कळतं, तुला कळत नाही, एवढंच ती बोलली. मामांनी मान फिरवली. मग आपण घरात पाऊल ठेवणार नाही म्हणालो होतो, जेवणार नाही असं कुठे म्हणालो होतो, असा विचार करून त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

अर्ध्या तासाने त्यांनी फुंकरने सांगितल्याप्रमाणे केलं. गाडीने दोन आचके दिले, काळ्या धुराचा लोट सोडला आणि धडधडत सुरू झाली. डॉक्टर खोकत आत पळाले. मामांनी बॉनेट पाडलं. रिकामं ताट घेऊन ताई बाजूलाच उभी होती. वीस मिनिटं गाडी बंद करता येत नाही हे कळल्यावर ती दुसरं दार उघडून सरळ आत बसली.

"चल," ती म्हणाली. "वीस मिनिटं तरी तुला पळता येणार नाही."

तिसऱ्या वळणावर ताटाकडे बघत ताई म्हणाली, "त्या चकत्या मी खिसते."

"काय करतेस?"

"खिसणीने खिसते. थोड्याशाच."

मामांचा पाय ब्रेकवर गेला, फुंकरची धमकी आठवली आणि परत आला. थांबून ओरडायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी चालत्या गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये, पोस्ट ऑफिसला एक अख्खी चक्कर मारेपर्यंत ओरडून घेतलं. माझी चकती! गाजरासारखी! आणि बोलणी मी खायची! ताईने त्यांना मनसोक्त ओरडू दिलं.

"टेबल धड होतं त्या आठ महिन्यांत तू किती वेळा आलास?" तिने विचारलं.

मामांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली, पण मोजण्यासारखं काही निघेना. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं, की पुढचं वळण ते चुकले.

"यांना सांगू नकोस हं," ताई म्हणाली. "माणसाला बोलवायला टेबल खिसावं लागतं, याची लाज वाटते रे."

वीस मिनिटांनी गाडी घरासमोर आली तेव्हा भावोजी पाणसळ हातात घेऊन फाटकातच उभे होते. मामांच्या जिभेवर एकच शब्द होता. 'खिसणी' म्हटलं की चाळीस वर्षांची अब्रू परत मिळत होती आणि मास्तरांचं तोंड कायमचं बंद होत होतं. शेजारी ताई ताट घट्ट धरून बसली होती.

मामांनी गाडी बंद केली. फाटकातून सरळ आत गेले, टेबलाखाली वाकले, चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि कण्हत उभे राहिले.

"फरशी सपाट आहे, भावोजी," ते म्हणाले. "चूक माझ्या हाताची आहे. तयार टेबल आणू नका. मी दर रविवारी सकाळी येतो, दिवसभर बसतो आणि सुधारतो."

भावोजी विजयाने एवढे फुलले की पाणसळ हातातून पडता पडता राहिली. असे किती रविवार लागतील, असं त्यांनी विचारलं.

"जन्मभर लागतील," मामा म्हणाले. "इतकं वाईट काम झालंय माझ्याकडून."