नामेलेच्या पानाआडची शाळा

लेइसोंगी हेडबाईंनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी धडाक्याने केल्या होत्या, पण स्वतःच्या हाताने स्वतःची शाळा बंद पाडायचा पराक्रम त्यांनी पहिल्यांदाच केला. आणि तोही नेमका तपासणीच्या आठवड्यात.

त्याचं असं झालं. राजधानीतून, पोर्ट व्हिलाच्या शिक्षण कचेरीतून पत्र आलं. शाळेच्या आवारात परक्या माणसाचं पाऊल पडणार नाही असा बंदोबस्त करा, बुधवारी साहेब तपासायला येतील, आणि बंदोबस्त दिसला नाही तर मानुरी गावची शाळा बंद करून मुलांना सिलाई गावच्या शाळेत हलवलं जाईल. बंदोबस्त कशाने करायचा याबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. सिलाई दोन ओढ्यांपलीकडे. पावसात त्यातला दुसरा ओढा फुगला की मोठी माणसंसुद्धा मागे फिरतात. एक्केचाळीस मुलांपैकी निम्मी दोन महिन्यांत घरी बसणार, हे बाईंना सांगायला कुणी लागत नव्हतं. पत्र वाचल्यापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

शाळेला कुंपण होतं ते जास्वंदीचं. फाटक म्हणजे नुसते दोन खांब, मधे मोकळं. रविवारी चर्च सुटल्यावर बाईंनी गावच्या चीफ काल्साउतुंना गाठलं.

"एखादं कुलूपबिलूप लावायला पाहिजे, चीफ."

"कुलूप?" चीफ हसले. "अगं, कुलूप एका दगडात फुटतं. तू निवांत घरी जा पोरी. मी असं करून ठेवतो की आत जायचं कुणी नाव काढणार नाही."

बाईंना इतकं हायसं वाटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. तिथेच सगळं फिसकटलं.

सोमवारी सकाळी सगळी मुलं शाळेबाहेर गपचूप उभी. एरवी ही मुलं गप्प असली तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावं लागतं. बाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. फाटकाच्या दोन्ही खांबांना नामेलेच्या झाडाचं एकेक पान बांधलेलं होतं, हिरवंगार, टोकदार.

चीफने नामेलेचं पान लावलं की विषय संपला. ज्या आंब्याला लावलं त्याचा पडलेला आंबासुद्धा उचलायचा नाही, ज्या वाटेवर लावलं त्या वाटेने जायचं नाही. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. आमच्याकडे पोलिसांची दोरी लोक वाकून पार करतात, पण या पानापुढे कुत्रीसुद्धा विचार करतात असं म्हणतात. कुत्र्यांचं मला माहीत नाही, माणसं करतात.

"बाई, आम्ही परके आहोत का?" सहावीतल्या लेइपाकोआने विचारलं.

"नाही गं."

"मग जाऊ आत?"

"पाऊल टाकून तर बघ!" बाई ओरडल्या आणि स्वतःच दोन पावलं मागे सरल्या.

चीफ कुठे होते? पहाटेच्या बोटीने एपी बेटावर, भाच्याच्या लग्नाला. परत येणार शनिवारी. बाई पदरचा सगळा दम खर्चून टेकडीवर चढल्या, कारण फोन तिथेच लागतो.

"चीफ, ती पानं!"

"छान दिसतात ना?"

"मुलंही बाहेर राहिली की हो!"

पलीकडे लग्नातली गिटार वाजत होती. "हं," चीफ म्हणाले. "ते राहिलंच."

"तुमच्या भावाला काढायला सांगा ना."

"माझं पान भावाने काढलं तर उद्या माझं ऐकेल कोण? शनिवारी येतोच आहे. तोवर कुणी आत शिरलं तर सांग मला!"

बाई खाली आल्या तर नवरा काल्मेट दात काढत उभा. "बंदोबस्त हवा होता ना तुला? घे. आता मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"तुम्हाला हसायला काय जातंय? तो फळा आणा आधी."

फळा दोन महिने काल्मेटच्या सुतारकामाच्या छपरात पडून होता, पाय बसवायला म्हणून. त्याच्या आळशीपणाचा गावाला पहिल्यांदाच उपयोग झाला. वह्या, खडू, पुस्तकं सगळं आत. फळ्यावर लिहायला जळका कोळसा चालेना, म्हणून किनाऱ्यावरचे पांढऱ्या कोरलचे, म्हणजे प्रवाळाचे, तुकडे घेतले. रस्त्यापलीकडच्या वडाखाली शाळा भरली.

पण रस्त्यावर शाळा भरवली की रस्ता शाळेत येतो. मळ्याकडे निघालेल्या बायका डोक्यावरची टोपली उतरवून उभ्या राहिल्या. बूबू लेइमास पाय दुखतात म्हणून बसल्या, त्या चटई अंथरूनच. सत्तरी ओलांडलेल्या या बूबूंच्या, म्हणजे आजीबाईंच्या, लहानपणी शाळा होती ती दुसऱ्या बेटावर आणि फक्त मुलग्यांसाठी. मंगळवारी त्यांचे पाय बरे होते, तरी त्या सगळ्यांच्या आधी हजर. त्या दिवशी अपूर्णांक होते, आणि बाईंकडे वर्तुळ काढायला काही धड नव्हतं, तेव्हा कुणीतरी घरून कंद किसून भाजलेलं अख्खं गोल लापलाप आणलं. केळीच्या पानावर गरम गरम, नारळाच्या दुधाने ओलं. त्याचे आठ भाग केले.

"दोन अष्टमांश म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"पाव!" मुलं ओरडली.

"आणि पाव कुणी खाल्ला?"

सगळ्यांनी काल्मेटकडे पाहिलं. त्याचं तोंड भरलेलं होतं.

बाई हसल्या, पण आतून ओशाळल्याही. 'पालकांनी बाहेर थांबावे' ही पाटी गेल्या वर्षी त्यांनीच रंगवली होती, आणि लोक इतके मुकाट्याने थांबले होते की त्यांना आत यायचंय असं बाईंना कधी वाटलंच नाही.

बुधवारी बोंगकोन साहेब आले. अंब्रिम बेटाचे, काडीसारखे बारीक. त्यांच्या काखेत फाइल होती, एका हातात फोडलेलं शहाळं आणि दुसऱ्यात तीन केळी. ते तडक फाटकाकडे गेले, पाय उचलला आणि पान दिसलं. पाय अधांतरी थांबला. मग अगदी हळू मागे आला.

"हे कुणी लावलं?"

"चीफने," बाई म्हणाल्या. "बंदोबस्त म्हणून."

"मी अंब्रिमचा आहे, बाई, आमच्याकडेही हे पान पाळतात. हे ओलांडलं तर माझी आई मला घरात घेणार नाही." त्यांनी फाइल उघडली आणि 'बंदोबस्त'पुढे लिहिलं, 'उत्तम.' बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आणि शाळा?"

"ही काय."

साहेब रस्ता ओलांडून वडाखाली आले. एक्केचाळीस मुलं, आणि त्यांच्यात मिसळून तीसेक मोठी माणसं. त्यांनी फाइलचं पान उलटलं.

"नियम साधा आहे, बाई. तासाच्या वेळी मुलांजवळ बाहेरची माणसं नकोत. त्याशिवाय मला शाळा सुरक्षित आहे असं लिहिता येणार नाही. ही सगळी कोण?"

वाटसरू आहेत, सावलीला टेकलेत, निघतीलच आता. उत्तर बाईंच्या ओठांवर तयार होतं. पण तेवढ्यात लेइमास उठायला लागल्या. हात टेकून, चटई गोळा करत.

"चला गं," त्या बायकांना म्हणाल्या. "आपल्यापायी पोरांची शाळा जायला नको."

ते बघून बाईंना रडू आवरेना.

"बूबू, खाली बसा," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "साहेब, यातलं कुणीही बाहेरचं नाही. मुलं रडली तर कुणाचं मूल कुठल्या घरी पोचवायचं हे मला माहीत नसेल, यांना माहीत आहे. यांना आजवर मीच बाहेर ठेवलं, माझी चूक. आता परत नाही ठेवणार. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

काल्मेटने डोळे मिटून घेतले. बायको एकदा बोलायला लागली की काय होतं हे त्याला माहीत होतं.

साहेबांनी शहाळ्याचा एक घोट घेतला. "बोट लागल्यापासून इथवर मला तीन ठिकाणी अडवलं," ते म्हणाले. "एकाने बापाचं नाव विचारलं. एकीने आजोबांचं. तिसऱ्याने कुठे चाललास, कशाला, कुणाकडे, अजून लग्न का नाही केलं, सगळं विचारून वर केळी दिली. तपासणीला मी आलो की माझीच तपासणी चालली होती, कळेना."

मग ते लिहीत बसले. खूप वेळ. शेवटी त्यांनी फाइल बाईंपुढे धरली, आणि बाईंनी वाचलं:

'तासाच्या वेळी मुलांजवळ आढळलेली बाहेरची माणसे: एक. नाव: बोंगकोन. सदर व्यक्तीस दूर बसवण्यात आले. शाळा सुरक्षित आहे, चालू ठेवावी.'

सही ठोकून साहेब उठले, रस्ता ओलांडून फाटकाच्या बाजूला उन्हात एका दगडावर जाऊन बसले आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हं. चालू द्या तास."

बाईंनी कोरलचा तुकडा उचलला, पण फळ्यावरचं त्यांना काही दिसत नव्हतं. लेइमासनी मात्र साहेबांकडे एकदा नीट पाहिलं आणि चटईवर थोडं सरकून घेतलं.

"उन्हात काय बसलायस बाबा," त्या म्हणाल्या. "ये इकडे."