मधी मोकळं रान

“लीलेऽऽ, हायस का गं घरात?”

हा आवाज गोदावरीचा. पस्तीस वर्षांपूर्वीचा. सकाळी तव्यावरची शेवटची भाकरी उतरवताना तो लीलाबाईंच्या कानावर पडायचा, दोन शेतं ओलांडून. मधे हुलगा, नाहीतर गुडघ्याएवढी मटकी. आवाजाला अडवेल असं काहीच नाही. वडूजच्या पल्याडच्या त्या रानात पाणी नव्हतं, पण नजर लांबवर जायची. गोदावरीच्या चुलीचा धूर दिसला की लीलाबाई खुरपं कमरेला खोचून निघायच्या. तण भांगलायला दोघी शेजारी शेजारी पिकाची एकेक पात धरायच्या. ओवीची एक ओळ गोदावरीनं टाकायची, दुसरी लीलाबाईंनी जोडायची.

सई माझी पल्याडाला, मधी मोकळं रान
धूर तिच्या चुलीचा गं, माझ्या जिवाला ठिकाण.

मग कालव्याचं पाणी आलं. लीलाबाईंचे मालक, नाथाजी सुभेदार, तोवर फौजेतून पेन्शनवर आले होते. त्यांनी पाइपलाइन ओढली आणि घराच्या तीन बाजूंना ऊस उभा केला. चौथी बाजू, गोदावरीच्या अंगाची, गेल्याच्या गेल्या आखाडात लावली.

ऊस असा आला की सडकेनं जाणारा गाडी थांबवून बघायचा. सुभेदार मिशीवर हात फिरवत म्हणायचे, “पोरासारखा वाढवलाय गड्या.” आणि ते खरंच होतं.

घर मात्र त्या हिरव्यात बुडालं. अंगणात उभं राहिलं की चारी बाजूंनी पानंच पानं, आणि मान वर केली तर खाटेएवढं आभाळ. वारा आत येईना. भिंतींना ओल धरली, डासांपायी चारलाच दारं लावायची. बांधावरची पायवाट पाचटात गेली, आणि त्यात बिबट्या दिसल्याची बोलवा. सडकेनं गोदावरीकडं जायचं तर दोन मैलांचा वळसा, आणि लीलाबाईंचे गुडघे तर बसून बसून धरलेले. भांगलायला आता बाया लागत नव्हत्या, तणनाशक होतं. राहता राहिला फोन. फोनवर दोघी अवघडायच्या.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

संपलं. समोर पात नसली की ओवी सुचायची नाही, तसंच बोलणंही.

हळूहळू लीलाबाईंची झोप गेली. छातीत धडधडायचं. पानं सळसळली तरी दचकायला व्हायचं. सुभेदारांनी त्यांना वडूजला डॉक्टर अंकिताकडं नेलं. पहाटे जाऊन नंबर लावला.

“झोप लागते का, मावशी?”

“लागती की,” सुभेदार म्हणाले. “नवाच्या ठोक्याला दिवा बंद असतोय.”

“जेवण?”

“फर्स्टक्लास. आता काय भाकरी-कोरड्यास ऱ्हायलं न्हाई. चपात्या, गोडधोड.”

“काका, मी मावशींना विचारतेय.”

“व्हय, मग त्यांचंच सांगतोय न्हवं मी.”

डॉक्टरबाईंना हसू आलं. रक्तदाब वर होता, साखर काठावर. त्यांनी गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं. मग खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाल्या, “आणि मावशी, मनाला कसं वाटतं?”

लीलाबाईंनी बाजूला पाहिलं. सुभेदारांच्या मांडीवर त्यांची फाइल होती. वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि पट्टीनं आखल्यासारख्या अक्षरांत ‘सौ. लीलाबाई’. इतक्या जपून फाइल धरणाऱ्या माणसाला कसं सांगायचं, की तुमच्या उसानं माझा जीव गुदमरतोय?

“बरं हाय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात परेड सुरू झाली. वीस फेऱ्या. “हात हलव! हां, लेफ्ट टर्न!” असं सुभेदार पायरीवर चहा पीत पुकारायचे. लीलाबाई फिरायच्या. उसापर्यंत जायचं, वळायचं. पुन्हा ऊस आला की वळायचं.

पौषात तोड आली. टोळीनं चौथी बाजू आधी धरली. तीन दिवस कोयत्यांचा सपसप आवाज येत राहिला. चौथ्या सकाळी लीलाबाईंनी दार उघडलं आणि ऊन सरळ चुलीपर्यंत आलं. दीड वर्षानं आलं होतं. त्या उंबऱ्यातच थांबल्या. उघड्या रानाच्या पलीकडे गोदावरीचं दार होतं. तिच्या पाणी तापवायच्या चुलीचा धूर सरळ वर चालला होता.

“लीलेऽऽ, हायस का गं? का बिबट्यानं नेली?”

आवाज आता चिरका झाला होता. आणि पाठोपाठ ओवीची पहिली ओळ आली, सई माझी पल्याडाला. लीलाबाईंनी उंबऱ्यातूनच दुसरी जोडली, धूर तिच्या चुलीचा गं.

त्यानंतर रोज सकाळी त्या पाचट तुडवत मधल्या बांधावर जाऊन बसू लागल्या. पलीकडून गोदावरी यायची. दोघींचे गुडघे, गोदावरीच्या सुना, पूर्वीच्या पाती, सगळं बोलून व्हायचं. उन्हात बसून बाजरीची भाकरी खायच्या. रात्री लीलाबाईंना गाढ झोप लागायची.

आठव्या दिवशी सुभेदारांनी घरच्या मशीनचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधला आणि आकडा बघून मांडीवर थाप मारली.

“बघ! डाक्टरीण लय हुशार. गोळी कशी लागू पडली!” चहाची बशी खाली ठेवून ते उठले. “चल, खोडव्याला पाणी सोडतो. तोडलेल्या बुडख्यातनं आवंदा दुप्पट फुटवा घेतोय का न्हाई बघ. ह्याच अंगाचा ऊस दांडगा येणार.”

ते मोटरीच्या पेटीकडं निघाले. लीलाबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या. मग पलीकडच्या धुराकडं.

“आवं, थांबा जरा.”

“का गं? लाइट जाईल नवाला.”

“जाऊ द्या. मोटर लावू नका.”

सुभेदार वळले. लीलाबाईंनी पदर मुठीत धरला होता.

“गोळी मी रोज घेतीया. पर झोप गोळीनं न्हाई लागली. हितला ऊस गेला, म्हणून लागली. दीड वरीस मला कोंडून घातल्यागत व्हत व्हतं. डाक्टरनी इचारलं, तवा तुमच्या हातातली फाइल बघून गप बसले. तुमी लय हौसेनं लावलाय, म्हाईत हाय मला. तीन बाजू ऱ्हाऊ द्या. पर ह्या अंगाला हुलगा करा, मटकी करा, न्हाईतर पडीक ठेवा. मला गोदीचं दार दिसाय पायजे.”