सांधेदुखीचा संत

दुकान उघडून तास झाला तरी शिंपीण एका जागी बसली नव्हती. बसलं की गुडघे धरायचे, उभं राहिलं की पावलं ठणकायची. त्यात मावशी पुन्हा एक तसबीर घेऊन आली.

"हा सांधेदुखीचा संत. मशीनसमोर लाव."

"आता पुरे गं मावशी! मागच्या वेळी सगळ्याच रोगांवरचा आणला होतास. औषध जन्मभर घ्यायचंय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. यानं आजवर कुणाला बरं केलं, ते तरी सांग."

मावशी गडबडली. रुमालानं काच पुसत म्हणाली, "ते काही मला ठाऊक नाही. याचे स्वतःचे गुडघे मात्र शेवटपर्यंत दुखत होते म्हणतात."

"मग हा काय कामाचा?"

"अगं, याला दुखणं समजावून सांगावं लागत नाही."

शिंपिणीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली. घरात कुणीही विचारलं तरी "बरं आहे" एवढंच ती आजवर सांगत आली होती.

"मावशी, आज मला माझी वेणीसुद्धा घालता आली नाही. बोटं वळतच नाहीत. केस तसेच गुंडाळून आले."

मावशीनं कुठलाही उपाय सुचवला नाही. मागे जाऊन तिनं भाचीचे केस मोकळे केले आणि बोटांनीच गुंता काढायला घेतला.

"जरा स्थिर उभी राहा की!"

"नाही जमत गं," म्हणत ती या पायावरचा भार त्या पायावर टाकत राहिली. मावशीही तिच्याबरोबर डुलत वेणी घालू लागली.