दाजींनी जमवलेली सोयरीक

सायकाल सहा जणांत नेहमी सगळ्यात मागे असायची आणि त्याचं तिला काही वाटत नसे. नारीनच्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवायची. चढावर घाई करणाऱ्याच्या छातीचं काय होतं, हे तिला सूत्रासकट ठाऊक होतं.

पुढच्या पाचांचा म्होरक्या तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, जुमादिल. साठी ओलांडलेला, पायांत घोड्याचं बळ आणि तोंडाला लगाम नाही. दर जुलैत तो बायकोसकट सगळ्यांना सायकलींवर बसवून नारीनहून सोन-कोल तळ्यावरून कोचकोरला न्यायचा. चार दिवसांची वाट. त्यातला दुसरा दिवस मोल्दो घाटाचा. तिथे रस्ता डोंगराला साप वेढावा तसा वळणं घेत चढतो.

त्या दिवशी सकाळीच पाचही जण वळणाआड दिसेनासे झाले. सायकाल आपल्या चालीने निघाली. पहिल्या तंबूपाशी ती पाणी मागायला थांबली, तर म्हातारीने वाडगाभर कुमीस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाजलं आणि तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग रोटी घरीच भाजतेस का विचारलं, दात खरे आहेत का तेही विचारलं. डोंगरातल्या माणसांना चौकशा फार, असं समजून सायकालने सगळ्याची सरळ उत्तरं दिली.

दुसऱ्या तंबूत दोन सुना तिला बघून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. तिथे विचारलं, पहाटे किती वाजता उठतेस आणि राग येतो का. सायकाल म्हणाली, असे प्रश्न विचारले की येतो. सुना खुश होऊन आत पळाल्या.

तिसऱ्या तंबूपाशी मात्र उंबऱ्यावर गालिचा अंथरलेला होता. ताज्या सायीचं ताट होतं, आणि तोकोन नावाची म्हातारी रेशमी रुमाल बांधून वाट बघत उभी होती. सायकालने सायकल आडवी केली आणि सरळच विचारलं, "आई, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? तुझे दाजी सांगून गेले की," म्हातारी म्हणाली. "मागून आमची मेहुणी येतेय, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही, हाताला चव आहे, स्वभाव गाईसारखा गरीब. कुणी चांगला माणूस असेल तर बघून ठेवा म्हणाले."

नऊ वर्षं खरी होती. गाईचं ऐकून मात्र सायकालला आधी संताप आला आणि मग हसू फुटलं. तेवढ्यात तंबूमागून म्हातारीचा मुलगा आला. शेरमात, पन्नाशीचा विधुर, घोड्या राखणारा. डोक्यावर कोरी पांढरी टोपी होती आणि कान लाल झाले होते.

"माझा यात काही हात नाही," तो खाली बघत म्हणाला. "सकाळपासून तिसरी टोपी बदलायला लावलीय आईने."

म्हातारी आणखी साय आणायला आत गेली, तेव्हा सायकालने त्याला आपल्या दाजींविषयी सांगितलं. वीस वर्षं हा माणूस तिची टर उडवतोय आणि एकदाही त्याची फजिती झालेली नाही. तिच्या डोक्यात काय आहे तेही तिने सांगितलं. शेरमातने बराच वेळ दाढी खाजवली.

"सोयरिकीला रिकाम्या हाताने जाता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "मेंढा घ्यावा लागेल."

अशी वरात निघाली. म्हातारी एका घोड्यावर, शेरमात दुसऱ्यावर, त्याच्या खोगिरावर आडवा मेंढा, आणि सायकाल सायकलवर. घोडे वळणं सोडून सरळ डोंगर चढत आणि प्रत्येक वळणाच्या माथ्यावर तिची वाट बघत थांबत. त्यामुळे दोघांचं बोलणं एका वळणाला एक वाक्य असं झालं. एका वळणाला त्याने बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. पुढच्या वळणाला ती म्हणाली, माझा नवरा दुधाचा ट्रक चालवायचा. शेवटच्या चढाला ती फारच धापा टाकू लागली, तेव्हा त्याने म्हटलं, "दोर आहे माझ्याकडे."

"दोर लावला तर दाजी मरेपर्यंत ऐकवतील."

त्याने दोर परत गुंडाळून ठेवला. हे तिला आवडलं.

तळ्याकाठी पाचही जण चहा पीत बसले होते. तोकोन म्हातारी घोड्यावरून उतरली आणि मुलीकडचं वडीलधारं कोण, असं तिने विचारलं. चौघांनी जुमादिलकडे बोट दाखवलं. तो आधी हसला. मग त्याला मेंढा दिसला.

"दाजी, तुम्ही शब्द दिलात म्हणून ही माणसं कामं टाकून आलीत," सायकाल मान खाली घालून म्हणाली.

जुमादिलने बायकोकडे पाहिलं. ती बशीतला जॅम चाटत म्हणाली, "शब्द ज्याने दिला त्यानेच निस्तरावा."

मग त्याने सकाळी केलेली स्तुती एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली. मेहुणी तशी तापट आहे. रोटी करपवते. मुलांना नापास करते. घोरतेसुद्धा.

"म्हणजे सकाळी माझ्या दारात खोटं बोललात?" म्हातारीने विचारलं.

जुमादिलच्या कपाळावर घाम आला. एवढ्यात शेरमातने घोड्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले. मग सगळेच हसले. हसली नाही ती एकटी तोकोन, कारण ही थट्टा आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती खरीखुरी मागणी घालायला आली होती. सायकालला एकदम ओशाळल्यासारखं झालं. तिने जवळ जाऊन म्हातारीचे हात धरले आणि माफी मागितली.

म्हातारी थोडा वेळ घुश्शात राहिली. मग म्हणाली, "आणलेला मेंढा आम्ही परत नेत नसतो. कापा. आणि आतडी हा धुवेल."

तळ्याचं पाणी जुलैतही बर्फासारखं असतं. जुमादिल गुडघाभर पाण्यात उभा राहून मुकाट्याने आतडी धूत राहिला. त्या वीस वर्षांत तो पहिल्यांदाच एवढा वेळ गप्प होता.

काठावर शेरमातने सायकालच्या सायकलची सैल झालेली साखळी ताणून दिली. बर्फ पडायच्या आत ते घोड्या घेऊन खाली नारीनकडे उतरतात, असं त्याने सहज बोलल्यासारखं सांगितलं. सायकालनेही सहजच सांगितलं, की शनिवारी शाळा दुपारी सुटते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तो नारीनला आला. दाजींना ही गोष्ट कळायला पुढचा मार्च उजाडला.