वालावरचा मावा

"मागं सरका, तुमची सावली पडून राह्यली घरट्यावर!" माझी बायको सोनूबाई खुर्चीतून ओरडली. घ्या! परसाचा मालक मी, तातेराव, आणि चिमटीएवढ्या शिंपी पाखरापुढं माझी किंमत शून्य.

पण मला बरंच वाटलं. आखाडात आमचा पोरगा बबलू मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून तिनं खाट धरली होती. धड जेवण नाही, बोलणं नाही. भादव्याच्या उन्हात अंजिराची दोन पानं टाचून या पाखरानं घरटं केलं, तीन पिल्लं निघाली, तशी ती आपल्या पायांनी बाहेर आली. अंजिराशेजारच्याच मांडवावर वालाच्या शेंगा लोंबत होत्या. "नवरात्रात मीना येईल. लेकीला पिशवी भरून देऊ," असंही म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती पुढचं काही बोलली.

आणि नेमका शेंगांवर मावा पडला. हसनाबादकडच्या मोसंबीच्या बागांत तीस वर्षं औषध फवारून पोट भरलेला माणूस मी. कीड दिसली की हात पंपाकडंच जातो. दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी सगळा मांडव फवारला. घरट्यावर तेवढ्यापुरतं पोतं टाकलं होतं. केवढा शहाणा मी! त्याच वेलावरच्या अळ्या पिल्लांच्या तोंडात जातात, हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी तिन्ही पिल्लं ताठ झालेली. ती उठायच्या आधी मी त्यांना अंजिराखाली पुरलं.

"उडाली वाटतं," मी म्हणालो.

"पंख तर फुटले न्हवते." तिनं वेलाचं पान नाकाशी नेलं. "औषध मारलंत?"

मी मान हलवली. तिची नजर अंजिराखालच्या ताज्या मातीवर गेली.

"मंग पुरलं बी? मला न दाखवता?" तिचा आवाज चढला नाही. "बबलूचं तोंड बी तुमी मला पाहू दिलं न्हाई. म्हणले, तुला सोसणार न्हाई. पाहिलं असतं तर एकदाच रडले असते. आता रोज दाराकडं बघून राह्यले."

देवा! दोन्ही वेळा तिच्या भल्यासाठीच केलं होतं मी.

खाली बसलो, हातानंच माती उकरली आणि तिन्ही पिल्लं तिच्या पदरात ठेवली. तिनं एकेकाच्या चोचीवरची माती बोटानं पुसली.

तेवढ्यात चोचीत अळी धरून मादी आली आणि रिकाम्या घरट्याशी घुटमळू लागली. सोनूबाईनं पदर तिच्याकडं उघडा धरला.

"बघ बाई," ती म्हणाली, "बघून घे."