साळूबाईची महारोहिणी

मी एक जुनी महारोहिणी आहे, मित्रांनो. नाव भारदस्त असलं तरी घरात मला कुणी ओळखत नव्हतं. हृदयातून निघून पोटात उतरणारी, रक्ताची सगळ्यांत मोठी वाहिनी, ती मी. १९४८ साली पोलीस ॲक्शन झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी पैठणजवळच्या एका वस्तीवर साळूबाई जन्मली. माझंही वय तेवढंच.

माझी भिंत लवचीक धाग्यांची आहे. हृदयाचा ठोका आला की ताणायचं, गेला की आवरायचं, हेच माझं काम. या भिंतीत विकर नावाचे बारीक कामकरी असतात. ते झिजलेले धागे तोडतात, म्हणून तिथे नवे घालता येतात. साळूबाई जुनी वाकळ दुरुस्त करताना आधी कुजका दोरा उसवून काढते ना, तसंच. त्यांना शत्रू समजू नका. त्यांच्यावाचून माझी डागडुजी झालीच नसती.

तरुणपणी साळूबाई कापसाचं बोचकं डोक्यावर घेऊन बांधामागून बांध ओलांडायची. मी कधी हूं की चूं केलं नाही. पुढे तिच्या मुलाला नोकरी लागली आणि आम्ही शहरात, पुंडलिकनगरात राहायला आलो. तिथे डॉक्टर हेमचंद्रांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब वाढलाय म्हणाले आणि रोजची गोळी दिली. मला वाटलं, सुटले. कसची सुटते! साळूबाईचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. त्यात नवरात्र आलं की बघायलाच नको. आणि उपासाच्या दिवशी गोळी बंद! गोळीने उपास मोडतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं. उपास तरी कशासाठी? घरातल्या सगळ्यांना उदंड आयुष्य मिळावं म्हणून. त्या सगळ्यांत तिने स्वतःला कधी धरलं नाही, याचा मला फार राग यायचा.

दाब वाढला की माझ्या भिंतीतले विकर चेकाळायचे. शिवणारे थोडे आणि उसवणारे फार, अशी गत झाली. चांगले धागेही तुटू लागले. पोटात एके ठिकाणी मी पातळ होऊन फुगले. तिथे फाटले असते तर साळूबाई काही वाचत नव्हती. मी फार भ्यायले होते, मित्रांनो.

मुतखड्याच्या संशयाने सोनोग्राफी झाली, तेव्हा तो फुगवटा दिसला. डॉक्टरांनी पुन्हा दाब मोजला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आज गोळी घेतली का, आजी?"

"आज चतुर्थी हाय की, डागदर. उपासाला गोळी कशी चालंल?"

सोबत आलेली सून द्वारका चपापली. तपासणीच्या टेबलावर साळूबाईनेच डॉक्टरांना कौतुकाने शिवून दिलेली वाकळ अंथरली होती. डॉक्टरांनी त्या वाकळेवर हात ठेवला. "ही नुसती उसवत राहिलात तर काय उरेल?"

"चिंध्या. दुसरं काय?"

"तुमच्या पोटातल्या मोठ्या वाहिनीचं तेच चाललंय. गोळी चुकली की दाब वाढतो, दाब वाढला की उसवण वाढते. सहा महिन्यांनी परत बघू. फुगवटा वाढला असेल तर ऑपरेशन."

घरी येताच साळूबाई द्वारकेला म्हणाली, "चंद्र निघायची वाट नको बघू. आण ती गोळी. देवाला कळतंय समदं."

तेव्हापासून गोळी चुकली नाही. विकर पुन्हा आपल्या मापात राहू लागले. सहा महिन्यांनी पडद्यावर मला निरखून डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढाच आहे. जरासुद्धा वाढलेला नाही."

"लई भ्याले होते, बाबा," साळूबाई म्हणाली आणि तिने असा सुस्कारा सोडला की मीसुद्धा सैलावले. असं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढच्या एकादशीला शेजारच्या वच्छलाबाईंनी विचारलं, "तुमच्यात उपासाला काय काय चालतं वो?"

"भगर, रताळं, शेंगदाणे," साळूबाई म्हणाली, "आन् माझी गोळी."

मित्रांनो, तुमच्याही घरी सगळ्यांसाठी उपास धरणारं कुणीतरी असेल. त्यांच्या ताटात भगरीशेजारी गोळी आहे ना, तेवढं बघत जा. त्यांच्या पोटातही माझ्यासारखीच एक आहे, आणि आम्हाला ओरडता येत नाही.